रिपोर्टातला आकडा आणि स्टेरॉइडची गोळी
(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे)

मागील अंकात याच सदरात पॉलिमायाल्जिया रुमॅटिका, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला 'पीएमआर', या आजाराची ओळख करून दिली होती. पन्नाशीनंतर, बहुधा पासष्टी-सत्तरीत, दोन्ही खांदे, मान, खुबे आणि मांड्या सकाळी जखडून जाणे, हात वर न होणे, अंथरुणातून उठायला कोणाचा तरी आधार लागणे, रक्तातील ईएसआर आणि सीआरपी हे दाह दाखवणारे आकडे वाढलेले असणे आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या लहानशा मात्रेने थोड्याच दिवसांत नवल वाटावे इतका आराम पडणे, असे या आजाराचे थोडक्यात स्वरूप आहे. त्यानंतर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : आराम तर पडला, पण दर खेपेच्या रिपोर्टात कधी हा आकडा वर जातो, कधी तो, मग गोळी वाढवायची की उतरवायची? पत्रे थोडी आटोपशीर करून आणि नावे वगळून येथे दिली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६८, सांगलीत विश्रामबागेत राहते. सात महिन्यांपूर्वी पीएमआरचे निदान झाले तेव्हा ईएसआर ८६ आणि सीआरपी ५२ होता. १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी मी माझा अंबाडा माझ्या हाताने घातला. डोस उतरवत आता ६ मिलिग्रॅमवर आले आहे. तीन महिन्यांपूर्वी ईएसआर २४ होता, तो या वेळी ४१ आला. सीआरपी ३.८ आहे. हिमोग्लोबिन ११.४ होते ते ९.८ झाले आहे आणि पांढऱ्या पेशी ११,८०० आहेत. सकाळी मला काहीही त्रास होत नाही. गुडघे जुनेच दुखतात, त्यासाठी मधूनमधून डायक्लोफेनॅक घेते. पुण्याचा मुलगा रिपोर्टावर ठळक छापलेला ईएसआर पाहून म्हणतो की आजार उलटला, गोळी पुन्हा १० करून घे. काय करावे?

उत्तर : पीएमआरसाठी गोळी वाढवण्याचे कारण मला आपल्या पत्रात दिसत नाही; मात्र दुसऱ्या एका कारणासाठी आपण या आठवड्यातच डॉक्टरांना भेटावे, असे मी आग्रहाने सांगेन. दोन्ही गोष्टी आपल्याच रिपोर्टातून निघतात, म्हणून तो ओळीने वाचू.

ईएसआर ही चाचणी जुनी आणि साधी आहे. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळून ते एका उभ्या, बारीक काचनळीत भरतात आणि एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. लाल पेशींवर सारखाच विद्युतभार असल्यामुळे एरवी त्या एकमेकींना दूर ठेवतात आणि सावकाश खाली येतात. शरीरात दाह असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन जास्त बनवते, त्यामुळे पेशींमधला दुरावा कमी होतो, त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटतात आणि जड होऊन लवकर बसतात. याचा अर्थ असा की ईएसआर दाह थेट मोजत नाही, पेशी किती वेगाने बसतात एवढेच मोजतो, आणि तो वेग बदलणारी कारणे पुष्कळ आहेत. रक्त पातळ असेल, म्हणजे लाल पेशीच कमी असतील, तर त्यांना खाली येताना अडथळा कमी होतो आणि ईएसआर वाढतो. मूत्रपिंडाच्या आजारात तो वाढतो. वयानुसार वाढतो आणि स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा थोडा जास्तच असतो. नळी स्टँडमध्ये किंचित तिरकी राहिली किंवा नमुना तासन् तास पडून राहिला, तरीही आकडा बदलतो.

रिपोर्टाच्या उजव्या बाजूला छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक ठिकाणी तरुण वयाची असते. डॉक्टर मंडळी वापरतात तो ढोबळ हिशेब असा आहे : पुरुषासाठी वयाच्या निम्मे, आणि स्त्रीसाठी वयात दहा मिळवून त्याच्या निम्मे. आपले वय ६८, म्हणजे मर्यादा ३९. आपला आकडा ४१. ज्या ठळक अक्षरांनी आपल्या चिरंजिवांची झोप उडवली ती अक्षरे संगणकाने वीसच्या मर्यादेशी तुलना करून छापली आहेत. समोर अडुसष्ट वर्षांच्या, हिमोग्लोबिन ९.८ असलेल्या बाई आहेत, याची त्याला कल्पना नसते.

आता सीआरपी पाहू. हेही यकृतातच तयार होणारे प्रथिन आहे, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. दाह सुरू झाल्यावर काही तासांतच ते वाढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते आणि कारण दूर झाले की जवळपास १९ तासांत निम्मे होते. त्यामुळे स्टेरॉइड सुरू केल्यावर सीआरपी काही दिवसांतच खाली येतो आणि ईएसआर काही आठवडे मागे रेंगाळतो. रक्तक्षय किंवा नळीचा तिरकेपणा यांचा सीआरपीवर परिणाम होत नाही. पीएमआर खरोखर उलटला असता, तर ५२ पासून खाली आलेला आपला सीआरपी ३.८ वर स्वस्थ बसला नसता, आणि मुख्य म्हणजे सकाळी अंबाडा घालताना आपल्यालाच ते आधी कळले असते. या आजाराच्या उपचारांविषयी २०१५ साली युरोप आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांतही डोस ठरवताना रुग्णाची लक्षणे आणि रक्तातील आकडे या दोहोंवर एकत्रित नजर ठेवायला सांगितले आहे. त्रास काही नाही, सीआरपी ठीक आहे आणि एकटा ईएसआर थोडा वर आहे, एवढ्यावर स्टेरॉइड वाढवणे मला चुकीचे वाटते. त्यात हाती काही लागत नाही. हाडे, साखर, रक्तदाब आणि डोळे यांची किंमत मात्र मोजावी लागते.

पांढऱ्या पेशी ११,८०० असण्याचे कारण बहुधा गोळीच आहे. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहिलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात येतात आणि मोजणीत वाढलेल्या दिसतात. ताप, लघवीची जळजळ, खोकला यांपैकी काहीही नसताना एवढ्यावरून जंतुसंसर्ग ठरवून अँटिबायोटिक घेऊ नये.

आता मला खटकलेली गोष्ट. पीएमआर जोरात असताना दाहामुळेच हिमोग्लोबिन थोडे उतरते आणि उपचाराने दाह शमला की ते सावकाश वर यायला हवे. आपले उलट झाले आहे. दाह शमलेला आहे आणि हिमोग्लोबिन तीन महिन्यांत ११.४ वरून ९.८ वर आले आहे. अशा वेळी रक्त कोठे तरी जात आहे का, हे शोधावे लागते, आणि आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिलेले डायक्लोफेनॅक हे त्या शोधातले पहिले नाव आहे. स्टेरॉइडच्या जोडीला वेदनाशामक गोळी घेतली की जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो, आणि हा स्राव कित्येकदा पोटात न दुखताच होत राहतो. डायक्लोफेनॅक आजपासून बंद ठेवावे. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. शौचाला डांबरासारखी काळी होते का, याकडे लक्ष द्यावे (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही रंग काळपट होतो, तेव्हा तेही डॉक्टरांना सांगावे). फेरिटिन ही लोहाच्या साठ्याची चाचणी करून घ्यावी. दाह असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते आणि लोहाची कमतरता झाकली जाते. आपला सीआरपी सध्या खाली असल्यामुळे आत्ता येणारा आकडा विश्वासार्ह असेल. लोह कमी निघाले, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर न थांबता या वयात जठर आणि आतडे यांची तपासणी करावी लागते.

ईएसआर ४१ आला तो मला वाटते याच मार्गाने आला आहे. हिमोग्लोबिन सुधारले की तो आपोआप उतरेल.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, आम्ही कोरेगाव तालुक्यात राहतो. चार महिन्यांपूर्वी साताऱ्यात तपासणी केली तेव्हा त्यांचा सीआरपी ४४ होता. सध्या १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू आहे. खांदे, मांड्या आता अजिबात दुखत नाहीत, सकाळी स्वतः उठून गोठ्यात जातात. या वेळी जवळच्याच दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिले, तेथे सीआरपी ६.२ आला, म्हणून आम्हाला बरे वाटले. पण त्यांना महिनाभर खोकला आहे, जेवण कमी झाले आहे आणि सदरे ढगळ होऊ लागले आहेत. हा गोळीचा परिणाम असेल का? दोन्ही रिपोर्ट सोबत जोडले आहेत.

उत्तर : रिपोर्ट जोडलेत हे फार चांगले केलेत. साताऱ्याच्या रिपोर्टात ४४ या आकड्यापुढे 'मिलिग्रॅम प्रति लिटर' असे लिहिले आहे आणि मर्यादा ६ पर्यंत दिली आहे. नव्या रिपोर्टात ६.२ पुढे 'मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर' असे आहे आणि मर्यादा ०.६ पर्यंत आहे. एका लिटरात दहा डेसिलिटर असतात. म्हणजे नवा आकडा जुन्या मापात ६२ होतो. सीआरपी ४४ वरून ६ वर उतरलेला नसून ६२ वर चढला आहे.

सीआरपीची तुलना करताना आकड्यापुढचे माप आणि शेजारची मर्यादा ही दोन्ही पाहावीत, आणि शक्यतो प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करावी. (हृदयविकाराचा धोका पाहण्यासाठी 'हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी' नावाची जी चाचणी तपासणीच्या पॅकेजमध्ये असते तिचा उद्देश निराळा असतो, पीएमआरसाठी साधा सीआरपीच पुरतो.)

खांदे आणि मांड्या मोकळ्या असताना सीआरपी एवढा वाढतो, तेव्हा त्याचा पीएमआरशी संबंध असण्याची शक्यता कमी आणि दुसरे काही शिजत असण्याची शक्यता जास्त असते. स्टेरॉइड घेणाऱ्या वृद्धाला महिनाभर खोकला, भूक मंद आणि वजनात घट, असे चित्र आपल्याकडे दिसले की पहिला विचार क्षयरोगाचा करावा लागतो. स्टेरॉइडमुळे शरीरात सुप्त राहिलेले क्षयाचे जंतू पुन्हा डोके वर काढू शकतात, आणि तेच स्टेरॉइड ताप दाबून ठेवत असल्यामुळे 'ताप तर नाही' म्हणून घरचे निर्धास्त राहतात. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही तपासणी तातडीने करून घ्या. थुंकीची ही तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. थुंकी सकाळी उठल्याबरोबर, खोल खोकून काढलेली द्यावी; नुसती लाळ दिली तर तपासणी वाया जाते.

या काळात दोन चुका होतात आणि दोन्ही टाळायच्या आहेत. सीआरपी वाढला म्हणून कोणी गोळी वाढवून देईल. त्याने आकडा कदाचित थोडा खालीही येईल, पण संसर्गाला मोकळे रान मिळेल. दुसरीकडे, क्षयाचे नाव ऐकून घरची मंडळी स्टेरॉइड एकदम बंद करतील. चार महिने गोळी चालू असताना शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल (शरीरातच तयार होणारे नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणे जवळजवळ थांबवते आणि गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. क्षयाचे निदान झालेच, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रेडनिसोलोनचा डोस पहिल्या भेटीतच सांगा. क्षयाच्या औषधांतील रिफॅम्पिसिनमुळे यकृत प्रेडनिसोलोनचा निचरा फार वेगाने करू लागते, आणि दोन-तीन आठवड्यांनी तोच १० मिलिग्रॅमचा डोस शरीराला बराच कमी पडतो. तेव्हा खांदे पुन्हा जखडले तर त्याचे कारण तेथे असेल आणि डोस त्या हिशेबाने बसवावा लागेल.

थुंकी आणि एक्स-रे दोन्ही स्वच्छ निघाले, तरी शोध थांबवू नये. फुप्फुसातील इतर संसर्ग, गाठ, किंवा पीएमआरचा सख्खा सोबती असलेला मोठ्या रक्तवाहिन्यांचा दाह, यांपैकी काहीही अशा वजन घटण्यामागे असू शकते. त्यासाठी छातीचा सीटी स्कॅन लागला तर तो टाळू नका.

प्रश्न : मिरजेत राहतो, रेल्वेतून निवृत्त झालो, वय ७०, मधुमेह आहे. दीड वर्षापूर्वी पीएमआर झाला. प्रेडनिसोलोन ३ मिलिग्रॅमवर आणल्यापासून उजवा खांदा दुखतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. शिवाय गळून गेल्यासारखे वाटते, सकाळी मळमळते, उठून उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. ईएसआर १४, सीआरपी २. सगळे म्हणतात रिपोर्ट उत्तम आहेत, मनाला लावून घेऊ नका. मग मला हे होते कशाने?

उत्तर : रिपोर्ट उत्तम म्हणजे माणूस उत्तम, असा अर्थ काढणाऱ्यांनी आपल्यावर अन्यायच केला आहे. दाहाचे आकडे नॉर्मल असताना दुखण्याची निदान तीन कारणे असू शकतात आणि आपल्याला बहुधा त्यांपैकी दोन एकदम भेटली आहेत.

पहिले कारण म्हणजे आकडे न वाढता आजार उलटणे. हे क्वचित का होईना, घडते; चालू असलेली थोडीशी गोळी आकडे दाबून ठेवायला पुरते, पण दुखणे दाबायला पुरत नाही. काही रुग्णांत तर आजाराच्या आरंभीसुद्धा ईएसआर फारसा वाढलेला नसतो, आणि अशांच्या बाबतीत पुढे आकड्यांवर विसंबण्यात काही अर्थ राहत नाही. म्हणून निदानाच्या वेळी, पहिली गोळी घेण्यापूर्वी, आपले आकडे किती होते ते जुन्या फाइलमधून शोधून ठेवा. पण पीएमआर परततो तेव्हा तो बहुतेक वेळा दोन्ही खांद्यांना धरतो, मांड्या व खुबेही आंबतात, आणि सकाळचा पाऊण-एक तास सर्वांत वाईट जाऊन दुपारपर्यंत माणूस मोकळा होतो. आपल्या पत्रात एकच खांदा आहे, आणि तो रात्री, त्या कुशीवर दुखतो.

असे दुखणे खांद्याच्या स्वतःच्या बिघाडाचे असते : हात उचलणाऱ्या स्नायूबंधांची झीज, किंवा मधुमेहींना हमखास गाठणारा फ्रोझन शोल्डर. खांदा तपासून आणि गरज भासल्यास सोनोग्राफी करून हे ठरवता येते. त्यावर व्यायाम, शेक आणि प्रसंगी सांध्यातील इंजेक्शन हे उपचार आहेत. इंजेक्शन घेतल्यास काही दिवस साखर वाढते, तेवढी काळजी घ्यावी. एरवीही सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्या मधुमेहींची साखर दुपारनंतर चढते आणि उपाशीपोटीची साखर बरी दिसते, म्हणून जेवणानंतरची साखर किंवा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) पाहिल्याशिवाय 'साखर ताब्यात आहे' असे म्हणू नये.

गळाठा, मळमळ आणि उभे राहताना येणारी अंधारी हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. शरीर रोज जेवढे कॉर्टिसॉल बनवते त्याची बरोबरी साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनशी होते. त्याच्याखाली गोळी उतरवली की उरलेली तूट मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी भरून काढायची असते. दीड वर्ष निष्क्रिय राहिलेल्या या ग्रंथी काहींच्या बाबतीत लगेच कामाला लागत नाहीत. सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे आदल्या दिवशीच्या गोळीनंतर २४ तासांनी, रक्तातील कॉर्टिसॉल तपासून याचा अंदाज घेता येतो. त्याचबरोबर सोडियम आणि पोटॅशियम पाहावे व रक्तदाब झोपून आणि उभे राहून असा दोनदा मोजावा. चाचणीचा निकाल येईपर्यंत गोळी आणखी उतरवू नका. ताप, उलट्या, अपघात किंवा शस्त्रक्रिया असा काही प्रसंग आला तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो. तो किती, हे डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी पाकिटात ठेवा. उलटीमुळे गोळीच पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शनसाठी थेट रुग्णालयात जावे.

तपासण्यांअंती हा पीएमआरच परतला आहे असे ठरले, तरी पुन्हा १५ वरून सुरुवात करण्याची गरज सहसा नसते. ज्या डोसवर शेवटी आराम होता त्या डोसवर परत जायचे आणि चार ते आठ आठवड्यांत पुन्हा खाली यायचे, अशी रीत आहे. उतरताना घाई झाली असेल तर महिन्याला एक मिलिग्रॅम, आणि ५ च्या खाली त्याहूनही सावकाश. वारंवार असे होत राहिले, तर मेथोट्रेक्सेटसारखे जोड औषध देण्याचा विचार संधिवाततज्ज्ञ करतात.

प्रश्न : वाई तालुक्यातून लिहिते, वय ७१. पीएमआरसाठी ७ मिलिग्रॅम गोळी घेते. दहा दिवसांपासून डाव्या कानशिलावर ठणका लागतो, केस विंचरताना टाळू दुखते आणि भाकरी चावताना जबडा भरून येतो, थांबले की पुन्हा बरा होतो. पुढची ईएसआर-सीआरपीची तारीख दोन आठवड्यांनी आहे. तोपर्यंत डोकेदुखीची कोणती गोळी घ्यावी?

उत्तर : हे पत्र हाती पडले त्याच दिवशी या वाचक भगिनींना फोन करून तत्काळ रुग्णालयात जाण्यास सांगितले. उत्तर इतरांसाठी छापत आहोत. पीएमआरच्या दर पाच-सहा रुग्णांमागे साधारण एकाला 'जायंट सेल आर्टरायटिस' हा रक्तवाहिन्यांचा दाह जडतो. नवी डोकेदुखी, टाळूचा हुळहुळेपणा, चावताना जबडा थकणे, एक वस्तू दोन दिसणे किंवा एका डोळ्यापुढे क्षणभर पडदा पडणे, ही त्याची लक्षणे आहेत. डोळ्याला रक्त पुरवणारी वाहिनी बंद झाली तर दृष्टी जाते आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. येथे पुढच्या तारखेची वाट पाहायची नसते. रक्ताचा नमुना त्याच वेळी घ्यावा, पण रिपोर्ट येण्यापूर्वीच मोठ्या डोसचे, म्हणजे साधारण ४० ते ६० मिलिग्रॅमचे, प्रेडनिसोलोन सुरू केले जाते. आणि दृष्टीवर परिणाम दिसू लागला असेल तर शिरेतून स्टेरॉइड देतात. कानशिलाच्या वाहिनीची सोनोग्राफी किंवा बायोप्सी त्यानंतरच्या काही दिवसांत केली तरी चालते. आधीपासून चालू असलेल्या ७ मिलिग्रॅममुळे सीआरपी फारसा वाढलेला दिसला नाही, तर तेवढ्यावर कोणी समाधान मानून घरी परत पाठवू नये.

प्रश्न : इस्लामपूरहून. माझ्या नेहमीच्या प्रेडनिसोलोन ५ ऐवजी डॉक्टरांनी या वेळी डेफ्लाझाकॉर्ट ६ लिहिले. डोस वाढला का? त्यामुळे रिपोर्ट बदलेल का? तसेच गावाकडून एक 'वाताची पुडी' आणली आहे, ती सोबत घेऊ का?

उत्तर : डोस वाढलेला नाही. डेफ्लाझाकॉर्ट ६, प्रेडनिसोलोन ५ आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिलिग्रॅम हे जवळजवळ एकाच ताकदीचे आहेत. म्हणून फाइलमध्ये नुसता '६' लिहू नका, गोळीचे नावही लिहा. पुडी मात्र घेऊ नका. घटकांची यादी नसलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असणे ही आपल्या भागातल्या डॉक्टरांना काही नवी गोष्ट नाही. पुडीतले स्टेरॉइड दुखणे आणि सीआरपी दोन्ही खाली आणते, डॉक्टर आपल्याला बरे समजून गोळी उतरवतात, आणि पुडी संपली की सगळेच एकदम उसळते.

प्रश्न : रक्त उपाशीपोटी द्यायचे का? सकाळची गोळी घेऊन जायचे की न घेता? दर महिन्याला तपासणी हवीच का? हळदीच्या दुधाने सीआरपी उतरतो का? (सांगली मार्केट यार्डातील एक व्यापारी, वय ६६)

उत्तर : ईएसआर आणि सीआरपीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही, सोबत साखर तपासायची असेल तरच उपाशी जावे. प्रेडनिसोलोन नेहमीच्या वेळी नाश्त्यानंतर घ्यावे, या दोन चाचण्यांसाठी ते पुढे ढकलू नये. कॉर्टिसॉलची चाचणी सांगितली असेल तेवढ्याच दिवशी रक्त देईपर्यंत थांबावे. सर्दी-ताप, दाढेचा गळू किंवा मोठी जखम झाली असेल तर ते बरे होऊन दोन-तीन आठवडे गेल्यावर तपासणी करावी, नाहीतर आकडा त्याचाच येतो. पहिल्या वर्षी चार ते आठ आठवड्यांनी आणि दुसऱ्या वर्षी आठ ते बारा आठवड्यांनी डॉक्टरांची भेट पुरेशी असते, आणि रक्ततपासणी त्या भेटीच्या दोन-तीन दिवस आधी करावी. मधल्या काळात सकाळी किती वाजता उठलात आणि हात डोक्यापर्यंत किती वाजता गेला, एवढे वहीत मांडत जा. रोजकीर्द लिहिणाऱ्या माणसाला ते जड जाणार नाही, आणि डोस ठरवताना डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग रिपोर्टाइतकाच होईल. हळदीचे दूध आवडत असेल तर जरूर प्यावे, परंतु त्याच्या भरवशावर गोळी कमी करू नये. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घ्यायच्या असतील आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.